फीत कापेपर्यंत हात लावू नये

आमच्या पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशाळेच्या आधी बाग झाली. त्या काळी राजधानी अजून नागपुरातच होती, मंत्री सिव्हिल लाइन्समध्ये राहत आणि दिवसातून दोनदा आमच्या फाटकावरून मोटारीने जात. मोटारीतून यंत्रशाळा दिसत नाही, बाग दिसते. हे प्रिन्सिपॉलसाहेबांनी पहिल्याच वर्षी ओळखले असावे. मेंदीचे कुंपण वाढले, तिरप्या विटांना चुना लागला, तेव्हा फिटिंगच्या वर्गात आम्ही बावीस मुले आणि लोखंड पकडून ठेवायचे सहा व्हाइस होते. सहा जणांनी लोखंड घासावे आणि उरलेल्यांनी गुलाबांना पाणी घालावे अशी वहिवाट पडली. कानस कशी धरायची हे शिकण्याआधी मी झारी धरायला शिकलो.

मी तिथे गेलो तो काही यंत्रांच्या ओढीने नव्हे. आमचे घर महालातले. मराठ्यांच्या राज्यापासून आमच्याकडे लेखणी चालत आलेली. घरातला एकुलता एक हातोडा कॅलेंडरचा खिळा ठोकण्यापुरता होता, आणि तोही शेजाऱ्यांकडे असे. इंटरला मला जे गुण पडले त्यांत कोणतेही कॉलेज दार उघडेना. वडील म्हणाले, "देश आता कारखान्यांवर चालणार आहे." देश कशावर चालणार याबद्दल वडिलांची मते वर्तमानपत्र बदलले की बदलत; पण त्या आठवड्यात ते कारखान्यांवर होते, म्हणून मी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला लागलो.

प्रिन्सिपॉलसाहेब आठ महिने परदेशात राहून आले होते. ते आठ महिने पुढे त्यांना आयुष्यभर पुरले. "आम्ही तिकडे होतो तेव्हा" हे त्यांच्या वाक्याचे पहिले चार शब्द, आणि बहुतेक वेळा वाक्यात अर्थ असलेले तेवढेच. नागपूरच्या उन्हात ते टाय बांधत. नळाला पाणी आले नाही तरी राष्ट्राच्या पुनर्रचनेवर बोलत. सूचनाफलकावर रोज त्यांच्या सहीचा एक कागद लागे. 'विद्यार्थ्यांनी श्रमाची प्रतिष्ठा राखावी' हा कागद ज्या दिवशी लागला त्याच दिवशी 'ऑफिसच्या पुढील व्हरांड्यातून तेलकट कपड्यांनी जाऊ नये' हाही लागला. दोन्हींना एकच टाचणी होती.

दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, लेथ आली, लोखंड फिरवून कातायचे यंत्र. विलायती. भलीमोठी लाकडी पेटी मालधक्क्यावरून बैलगाडीने आली, आणि गाडीवानाच्या बैलांनी बागेची एक बाजू खाल्ली म्हणून त्याला दरडावण्यात यंत्रविभागाचे स्वागत उरकले. पेटी उघडली तेव्हा मात्र आम्ही सगळे जवळ सरकलो. हिरवा रंग, ग्रीसखाली चमकणारी पोलादी बैठक, जिला बेड म्हणतात, पितळी पाट्या. दोन माणसांनी मिळून उचलावा असा चक, म्हणजे ज्याच्या जबड्यांत लोखंड पकडून फिरवतात ते तोंड. असे काही आमच्या हाती येणार यावर माझा विश्वास बसेना. तो बसला नाही हे बरेच झाले.

ती बसवली मिस्त्रीने. आमच्याकडे डिग्रीवाले ते 'सर' आणि हा 'मिस्त्री'. उमरेडकडच्या कोष्ट्याच्या घरातला, बापाचा हातमाग. हा मात्र पोरवयातच गिरणीच्या वर्कशॉपमध्ये शिरला आणि वीस वर्षे तिथेच राहिला. प्रिन्सिपॉलसाहेबांनीच त्याला "सरकारी जागा आहे, कायम करू" असे सांगून तिथून सोडवून आणले होते. कायम करण्याचा कागद तेव्हापासून साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. त्या मार्चअखेर सही झाली नाही तर मिस्त्रीचे वय सरकारी नियमाबाहेर जाणार होते, आणि गिरणीतली त्याची जागा कधीच भरली गेली होती. ही गोष्ट सगळ्या संस्थेला ठाऊक होती. शिपाईसुद्धा त्याला विचारी, "काय मिस्त्री, झाली का सही?" आणि मिस्त्री म्हणे, "सायबाचा पेन परदेशी हाय बाप्पा, शाई इकडं भेटत नाई."

चार दिवस खपून त्याने लेथ पातळीत बसवली, तारा जोडल्या, एकदा फिरवून पाहिली. आवाज असा की मांजर पोटाशी घेऊन बसावे. पाचव्या दिवशी फलकावर कागद लागला: 'नूतन यंत्राचे उद्घाटन मा. मंत्र्यांच्या हस्ते व्हावयाचे असल्याने तत्पूर्वी कोणीही यंत्रास हात लावू नये.' लेथवर ताडपत्री आली. ताडपत्रीवर साखळी आली. साखळीला कुलूप आले. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली तेव्हा हळदकुंकू आणि झेंडूची माळ ताडपत्रीलाच वाहिली. आत काय आहे हे देवाला ठाऊक असेल असे धरून चाललो.

मंत्र्यांचा बंगला आमच्यापासून दोन मैल. ते दोन मैल यायला त्यांना सहा महिने लागले. पहिल्या वेळी त्यांना दौरा होता. दुसऱ्या वेळी त्यांना वेळ होता, पण हॉलचा रंग ओला होता. तिसऱ्या वेळी रंग वाळला, फुले आली, पेढे आले, आणि कोणीतरी वारल्याने सुट्टी जाहीर झाली. पेढे कर्मचाऱ्यांनी दुःखाने खाल्ले.

तोवर आम्ही लेथ शिकत होतो, फळ्यावर. आमचे डिग्रीवाले सर लेथ सुरेख काढत. चार रंगांचे खडू, हेडस्टॉकला निळा, टेलस्टॉकला पिवळा. चौतीस भागांची नावे आम्हांला पाठ होती. पोथी म्हणावी तशी आम्ही ती म्हणत असू, आणि आमच्यापासून दहा हातांवर खरी लेथ ताडपत्रीखाली ऐकत असे. एकदा मागे उभ्या असलेल्या मिस्त्रीने मला हळूच विचारले, "काहून गा, पोहणं बी फळ्यावरच शिकला का तू?"

एप्रिलात प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरचा परीक्षक येणार, लोखंडाचा गज देणार आणि लेथवर कातून मापाला उतरवायला सांगणार. फेब्रुवारीत मिस्त्रीला हे सहन होईना. कुलपाची एक किल्ली त्याच्याकडे होती, कारण दर पंधरवड्याला बेडला तेल लावायला कोणीतरी लागतेच आणि साहेबांना तेलाचा वास सोसत नसे. एका शनिवारी तो आम्हा सात-आठ जणांना म्हणाला, "उद्या दुपारी या. सायब जेवून झोपते. गडबड करान त पाहा, एकेकाले टेलस्टॉकात घालीन."

तीन रविवार आम्ही गेलो. पहिल्यांदा माझा हात चाकावर पडला तेव्हा चौतीस नावांतले एकही आठवले नाही. मिस्त्री मागे उभा. "जोर लावू नको. तू काय बैल हाकलून राहिला? मशीनच्या कलानं घे." कातायचे टूल टेकले आणि लोखंडाचा छिलका सुटला, निळसर, गरम, जिलबीसारखा गुंडाळत. मी पुस्तके पुष्कळ वाचली होती. त्यांतल्या कशानेही मला असा आनंद दिला नव्हता, हे कबूल करायला पुढे मला बरीच वर्षे लागली.

आम्ही छिलके झाडून नेत असू. एक राहिला. तो सोमवारी सकाळी फेरी मारताना प्रिन्सिपॉलसाहेबांच्या परदेशी बुटाच्या तळव्यातून आत गेला. यंत्रशाळेत छिलका सापडतो ही ज्या संस्थेत चोरीची खूण ठरली, अशी जगात ती एकच असावी.

साहेब लंगडत ऑफिसात गेले आणि मिस्त्रीला बोलावणे गेले. दार उघडे होते.

"उद्घाटनापूर्वी यंत्र चालवलंत?"

"पोट्ट्यायची परीक्षा हाय सायेब."

"परीक्षा एप्रिलमध्ये आहे. उद्घाटन मार्चमध्ये आहे. क्रम असतो प्रत्येक गोष्टीला! मंत्री ज्या यंत्राचं उद्घाटन करणार ते आधीच चाललेलं आहे हे कळलं तर? आम्ही तिकडे होतो तेव्हा…"

तिकडे काय होते ते या वेळी आलेच नाही. तळवा ठणकत असावा. निकाल असा झाला की मिस्त्रीकडची किल्ली गेली, मोटरच्या तारा सोडवून ठेवण्यात आल्या, आणि टेबलावरचा तो कागद उद्घाटन 'सुरळीत पार पडेपर्यंत' बाजूला ठेवला गेला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंत्री खरोखरच येणार असे ठरले. आदल्या दिवशी इलेक्ट्रिकलच्या सरांनी तारा पुन्हा जोडल्या. त्यांच्याकडे सुवर्णपदक होते आणि रबरी हातमोजे होते. दोन्ही त्यांनी त्या दिवशी घातले होते असे मला आठवते, पण पदकाची खात्री देत नाही. जोडणी योग्य असल्याचे त्यांनी लेखी दिले. मिस्त्री जवळ उभा होता. तो प्रिन्सिपॉलसाहेबांना म्हणाला, "सायेब, एक डाव फिरवून पाहा लागते. तीन तारा हायेत. दोन इकडच्या तिकडं झाल्या त मोटर उलटी फिरते."

"फिरवून पाहायचं असतं तर मंत्री कशाला बोलावले असते?" साहेब म्हणाले.

मिस्त्रीने पान्हा फडक्याने पुसून पेटीत ठेवला.

समारंभ दुपारी चारला होता, म्हणून साडेपाचला सुरू झाला. काटोलहून संत्र्यांचा करंडा मागवला होता. आम्ही विद्यार्थी नव्या निळ्या डगल्यांत दोन रांगांत उभे. डगले त्या दिवसापुरते दिले होते आणि संध्याकाळी मोजून परत घेतले. मिस्त्रीजवळ कोट नव्हता, म्हणून त्याला मागे भिंतीशी, मेन स्विचच्या बाजूला उभे केले होते. फोटोत येणार नाही अशी ती एकच जागा होती.

प्रिन्सिपॉलसाहेबांचे भाषण झाले. त्यात मोहेंजोदारो होते. मंत्र्यांचे भाषण झाले. ते चांगले, पण शेतकीखात्यासाठी लिहिलेले असावे, कारण त्यात सुधारित बियाणे दोनदा आले. नारळ फुटला तो लेथच्या बेडवर. पाणी त्या घासूनपुसून चकचकीत केलेल्या पोलादावरून ओघळले, आणि भिंतीशी उभ्या मिस्त्रीने डोळे मिटले. घरच्या माणसाला कोणी चापट मारावी तसा त्याचा चेहरा झाला होता. फीत कापली. मंत्री लेथच्या अगदी पुढे, चकापासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि त्यांनी बटण दाबले.

चक फिरला. टाळ्या पडल्या. चक उलटा फिरत होता.

हे कळायला यंत्र चालवलेले असावे लागते. त्या हॉलमध्ये दोनशे माणसे होती. त्यांत हे कळणारे आम्ही सात-आठ आणि मिस्त्री. चक आट्यांवर बसवलेला असतो. सुलटा फिरला तर घट्ट होतो, उलटा फिरला तर सैल. सैल होत होत तो सुटला, की दोन माणसांचे ओझे फिरत फिरत पुढे उभ्या माणसाच्या पायावर येते. मला हे सगळे त्या क्षणी ठाऊक होते. मी रांगेत होतो, डगला नवा होता, आणि मी टाळ्या वाजवत होतो.

मिस्त्रीने मेन स्विच खाली ओढला.

यंत्र थांबले, पंखे थांबले, लाउडस्पीकर मेला. टाळ्या अर्ध्यात राहिल्या. मिस्त्री रांगेतून वाट काढत पुढे आला, मंत्र्यांच्या आडवा हात करून त्याने त्यांना मागे सारले आणि चकाला हात घातला. चक पाऊण वेढा सैल झाला होता. "पाहा सायेब," तो म्हणाला, "निंगालाच होता."

कोणी पाहिले नाही. सगळे मंत्र्यांच्या कोटाकडे पाहत होते, तिथे तेलाची चार बोटे उमटली होती. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, वीज गेली. वीज गेल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. तेवढ्यात फोटोग्राफर काळ्या कापडातून डोके काढून म्हणाला, "बरं झालं थांबवलं. फिरतं असलं की फोटो हलतो." मग मंत्र्यांनी थांबलेल्या यंत्राच्या बटणावर बोट ठेवले, सगळे हसले, आणि फोटो निघाला. तो कितीतरी वर्षे ऑफिसात लावलेला होता. फार स्पष्ट आला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावले. "तुझं इंग्रजी बरं आहे म्हणतात." त्यांनी सांगितले, मी लिहिले: उद्घाटनप्रसंगी यंत्र समाधानकारकपणे चालत असता मिस्त्रीने ते कोणाच्याही परवानगीविना बंद केले, आम्ही खाली सही करणारे विद्यार्थी याचे साक्षीदार आहोत.

"सर, समाधानकारकपणे?" मी विचारले. हे माझे त्या प्रकरणातले सगळे शौर्य.

"मंत्री समाधानी होते ना?"

होते. प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण संस्थेच्या हातात असत. मी सही केली. माझ्याखाली एकवीस जणांनी केली. महिनाअखेर मिस्त्रीला निरोप मिळाला, आणि त्याचा कागद टेबलावरून उठून कोणत्या तरी कपाटात गेला. लेथवर ताडपत्री परत आली, कारण आता ती ऐतिहासिक झाली होती.

एप्रिलात परीक्षक आले. जबलपूरकडचे, काटकुळे, चहा न घेणारे. चहा न घेणारा माणूस पाहून प्रिन्सिपॉलसाहेबांचा धीर तिथेच सुटला. परीक्षकांनी ताडपत्री काढायला लावली, बटण दाबले, लगेच बंद केले.

"ये तो उल्टा चल रहा है. किसने लगाया?"

मोटरच्या तीन तारांतल्या कोणत्याही दोन आपसांत बदलल्या की मोटर सुलटी होते, हे आमच्या वह्यांत पहिल्या वर्षापासून होते. पण इलेक्ट्रिकलच्या सरांनी जोडणी योग्य असल्याचे लेखी दिलेले. त्यांनी तारा बदलल्या असत्या तर उद्घाटनाच्या दिवशी त्या चुकीच्या होत्या असा अर्थ झाला असता. प्रिन्सिपॉलसाहेबांनी बदलायला सांगितल्या असत्या तर मिस्त्रीने यंत्र बंद केले ते बरोबर केले असा अर्थ झाला असता. दोन तारांची गोष्ट, पण हात लावायला संस्थेत माणूस नव्हता. परीक्षक घड्याळ काढून म्हणाले, "चार बजे तक. नहीं तो पूरा बैच फेल."

साहेबांनी मला सायकल दिली आणि मिस्त्रीकडे पिटाळले.

कोष्टीपुऱ्यातल्या त्याच्या घरी तो भावाच्या मागाखाली आडवा पडून काहीतरी ठोकत होता. नुसते पाय बाहेर. त्याची बायको म्हणाली, "कोन हाय पाहा, पॉलिटेक्निकातून आले." पाय हलले नाहीत. मी मागाशी वाकून सगळे सांगितले, आणि शेवटी म्हणालो, "मिस्त्री, त्या कागदावर मीपण सही केली."

"मालूम हाय मले. बावीस सह्या. तुही पयली." ठोकणे चालूच. "अख्खा कागदच तुह्या हातचा. अक्षर बेस हाय तुहं."

मग तो मागाखालून बाहेर आला, हात धुतले, टोपी घातली. "चाल. बावीस पोट्टे बसवून ठेवू नोको." सायकल त्याने चालवली, मी मागे बसलो.

काम पाच मिनिटांचे होते. लेथ सुलटी फिरली. त्याने चक ओढून घट्ट केला, आणि बेडवरच्या नारळाच्या पाण्याच्या डागावर अंगठा घासून पाहिला. तिथे गंज धरला होता. परीक्षकांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि विचारले, "ये साहब कौन हैं?" यावर आमच्या सगळ्या सरांनी एकाच वेळी खिडकीबाहेर पाहिले.

प्रिन्सिपॉलसाहेबांना भरून आले होते. त्यांनी मिस्त्रीला बाजूला घेतले, मलाही. ते म्हणाले, कागद अजून निघू शकेल. मागच्या तारखेने सही करता येईल. फक्त त्या दिवसाबद्दल मिस्त्रीने दोन ओळी लिहून द्याव्यात, की गैरसमजुतीने यंत्र बंद केले, दिलगीर आहे. मजकूर मी तिथल्या तिथे तयार केला. असल्या मजकुरात आता माझा हात बसला होता.

"वाच," मिस्त्री मला म्हणाला.

मी वाचला.

"मशीन उलटं फिरून राहिलं होतं, हे कुठं हाय यात?"

"ते नाही."

"मंग गैरसमज कायचा?"

"अहो, सही तर करा," साहेब म्हणाले. "नोकरीचा प्रश्न आहे तुमच्या."

मिस्त्रीने कागद माझ्या हातून घेतला, चार घड्या घातल्या आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवून वरून थोपटले. "ठिव तुह्याजवळ. तुले कामी पडन." मग मागे वळून, वर्गात बोले तसे, "आन् टूल टेकवताना जोर लावू नोको गा," एवढे म्हणून तो गुलाबांच्या वाटेने फाटकाबाहेर गेला. पुढे तो खापरखेड्याकडे वीजघराच्या कामावर रोजंदारीने लागला असे ऐकले. विचारायला मी गेलो नाही.

माझा क्रमांक लागला. मी गज पकडला, चाकावर हात ठेवला आणि जोर न लावता उतरवला. लेथच्या विषयात त्या वर्षी संस्थेत सर्वांत जास्त गुण मला मिळाले.